सातची हजेरी

संप मोडला, गिरणीच्या जागी टॉवर आला, तरी लालबागच्या तुळशीदासची हजेरी चुकली नव्हती. गिरणीचे जुने कामगार आता ऑनलाइन फोरमवर जमायचे आणि रोज सकाळी सातला, भोंग्याच्या वेळेला, आपापला बिल्ला नंबर टाकायचे. तीन खाडे झाले की नाव कटायचं. शेजारच्या मागावरचा उत्तम वारला, तेव्हा त्याच्या बायकोने त्याचा मोबाइल आणून दिला. "भावजी, ह्यांचं नाव तेवढं राहू द्या." गिरणीत गैरहजर माणसाच्या मागावर बदली उभा राहायचाच, तसा तुळशीदास रोज उत्तमचाही नंबर टाकू लागला. आज छातीत कळ आली, उठायला आठ वाजले. फोरम उघडला, तर उत्तमच्या नावाने दोघांचेही नंबर सातलाच पडलेले. उत्तमचा मोबाइल उशाशी बंद होता. "कोण रे?" त्याने लिहिलं. उत्तर आलं: "मीच. ये सावकाश. शेजारचा माग रिकामाच ठेवलाय."