कमळाचं आवतण

मांडवाच्या दारात अनंताशेठने हरिचंद्राचा हात धरला. मागे फुलांनी सजवलेली जीप उभी होती.

"हरी, मतदानाच्या दिवशी जीप देता आली नाही. मतदार आणायचे होते. आता मनात ठेवू नकोस. जेवून जा."

"जेवाला नाय आलू, शेट. धवला आयकाला आलू."

तो खांबाला टेकून बसला. मतदानाच्या त्या दिवशी कळा सुरू झालेली त्याची बायको कमळा कल्याणच्या दवाखान्याच्या वाटेवर बैलगाडीतच गेली. पोटातलं बाळही गेलं. शेठ निवडून आले.

आज शेठच्या मुलीचं, सखूचं लग्न. मुंबईहून मंत्री आले होते. भटजी सारखे घड्याळ बघत होते. पण शेठच्या आईने, जिजाबाईने, बजावलं होतं, आधी लग्नाचे धवले गाणारी धवलारीण, मग भटजी.

ठमाबाई धवलारीण गाऊ लागली. तिने गाण्यातून देवांना बोलावलं, ते घोड्यावरून आले. शेठच्या आजाला आणि बापाला बोलावलं, ते बैलांच्या दमणीतून आले. त्यांना आणायला सकाळीच रिकामी दमणी मसणवटीपर्यंत जाऊन आली होती, रीत होती तशी. मग तिने मांडवाला विचारलं, "गावातला मेलेला कोन रायला का बोलवाचा?"

"रायली." हरिचंद्र उठला. "माझी कमळा."

वाजंत्री थांबली. मंत्र्यांनी शेजारच्याला काहीतरी विचारलं.

"कशान येल ती?" ठमाबाईने विचारलं.

"जीपन."

शेठ जवळ आले. आवाज दाबून म्हणाले, "मुहूर्त टळेल रे. मी हात जोडतो."

"मी पन जोडलं व्हतं."

शेठने आईकडे पाहिलं. जिजाबाई सखूचा हात धरून बसली होती.

"नाव निंगालं, अनंता," ती म्हणाली. "मेलेल्या बाईला ताटकलत ठेवून माझी नात उभी नाय रायाची. पाठव गाडी."

हरिचंद्र जीपमध्ये मागे बसला, शेजारची जागा मोकळी ठेवून. मसणवटीपर्यंत ड्रायव्हरने जीप भरधाव नेली. परत फिरताना त्याने पुन्हा वेग घेतला, तेव्हा हरिचंद्राने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. दूर मांडवाच्या दारात भटजी घड्याळ धरून उभे होते.

"हलू घे रं," हरिचंद्र म्हणाला. "तिला कला येतान."