महादेवीची एकतारी
वैजीनाथ सुतारानं एकतारी पुढं केली. “आप्पा, घेण्याआधी वाजवून तरी बघा. भोपळा महादेवीअक्कांनी परसात वाढवून दिलता.” शिवमूर्तीआप्पांनी पैसे ठेवले. “जिनं करायला टाकली, तिनंच ऐकली न्हाई. मी कशाला ऐकू?” त्यांची बायको महादेवी सकाळीच वारली होती. निजामाच्या मोगलाईतल्या सोनपेठेत आप्पांचं दुकान होतं. मागच्या खोलीतून तिचं भजन ऐकू आलं की आप्पा दरडावायचे, “बास कर, गिऱ्हाईक आलंय!” ती अर्ध्या ओळीवर गप्प व्हायची. दुपारी लिंगायत रिवाजाप्रमाणं तिला खड्ड्यात मांडी घालून बसवलं. आप्पांनी न वाजवलेली एकतारी तिच्या मांडीवर ठेवली. बेलपानं पडली, विभूती पडली. मग आप्पांनी पहिली मूठ माती टाकली. त्यातला खडा तारेवर आदळला आणि एकतारी घुमली. लोकांनी फावडी उचलली. आप्पांनी हात आडवा धरला. “थांबा, तिचं पुरं होऊ द्या.”