म्हशीची जपानी

जपानला नर्सच्या नोकरीवर जायचं, तर आधी जपानी बोलता यायला हवं होतं. क्लासच्या मॅडम म्हणाल्या, "रोज मोठ्यानं बोला. जो हसणार नाही, अशा कुणाशी तरी बोला." घरात तर सगळेच हसत होते. मग रेश्मा धार काढता काढता चंद्री म्हशीशीच जपानीत बोलू लागली.

"येड लागलंय पोरीला," तिच्या आई हौसाबाई शेजारणीला सांगायच्या.

वर्षभरानं रेश्मा परीक्षा पास झाली आणि विमानात बसली. दुसऱ्या दिवशी हौसाबाई धारेला बसल्या, तर चंद्री पान्हाच सोडेना. त्यांनी पेंड घातली, पाठ थोपटली, शिव्याही घातल्या. म्हैस ढिम्म. शेवटी जपानला फोन लावून त्यांनी तो तिच्या कानाला धरला. रेश्मा दोन-चार वाक्यं बोलली आणि चरवी फेसानं भरली.

पण पोरीला ड्युटीतून रोज वेळ कुठला मिळणार? हौसाबाईंनीच ती वाक्यं घोकून पाठ केली. चंद्री दूध देऊ लागली. शेजारीपाजारी गोठ्याबाहेर उभं राहून हसायचे, पण हौसाबाई हटल्या नाहीत.

एका रविवारी त्यांनी फोनवर विचारलं, "रोज बोलत्ये खरी, पण ह्याचा अर्थ काय गं?"

रेश्मा जरा घुटमळली. "पहिल्याचा अर्थ, नमस्कार चंद्रीबाई."

"आन् दुसऱ्याचा?"

"मी गेल्यावर आईला लाथ मारू नगंस. तिचा गुडघा दुखतोय."