कमानीखालचा पेला

धाकट्या बहिणीला जुळं झालं त्या वर्षी ऊदेकाका माझ्यासाठी नूफला मागणी घालायला खडकाच्या कमानीकडे निघाले. तिथे तिच्या वडिलांचा, स्वेलिमचा तंबू होता. वाळूतली वाट जवळची, सोपी. शेळ्याही रमतगमत जातात. काका मात्र सुटलेलं पोट सांभाळत कोरड्या घशाने पोचले. स्वेलिमने कॉफीचा पेला दिला. आमच्यात मागणी मान्य होईपर्यंत तो पीत नाहीत. काकांनी पेला गटकन संपवला. गेलं माझं लग्न! “कॉफीच प्यायला आला होतास?” स्वेलिम म्हणाला, “परतीची वाटही सोपीच.” काका म्हणाले, “तू नाही म्हणशील असं वाटलंच नाही, म्हणून प्यायलो. नाकारलंस तर कमानीवर चढून वाळवंटभर ओरडेन.” तंबूतून नूफची आजी खेकसली, “स्वेलिम, मुलगी दे रे! हा वर चढला तर कमान पडेल.” स्वेलिमने पेला पुन्हा भरला. आमची थोरली जन्मली त्या हिवाळ्यात काका वारले.