चौथं पाकीट

समितीने तुरुंगांवरचा अहवाल दिला, त्याला सहा वर्षं झाली. सरकारचं उत्तर आता कुठे छापून आलं. अकरावी शिफारस अशी होती की, खटला न चालवता कोणालाही वर्षभरापेक्षा जास्त तुरुंगात ठेवू नये. तिच्यापुढे सरकारने लिहिलं होतं, 'तत्त्वतः मान्य.'

समितीपुढे साक्ष दिलेल्या प्रत्येकाला उत्तराची प्रत टपालाने पाठवायची, असा नियम. मंत्रालयातल्या मर्लबाईंनी जुन्या वहीतून पत्ते उतरवले आणि चार पाकिटं रवाना केली. पंधरवड्यात तीन परत आली.

"प्रोफेसर लेकीकडे टोरांटोला गेले," नाश्त्याला आणलेल्या छोले-पुरीच्या डबल्सचा कागद उलगडत शिपाई रुद्रनाथ म्हणाला. "वकीलबाईंनी घर विकलं. आणि जज्जसाहेब तर, बाई, कधीच वर गेले."

"आणि चौथं? तेही आलं असेल ना परत?"

"नाही हो. त्याची पोच आलीय."

मर्लबाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं.

"अहो, खूश व्हा की! एक तरी माणूस धड निघाला. सहा वर्षांत पत्ता बदलला नाही पठ्ठ्याने."

बोटाला लागलेली चटणी चाटून त्याने पोच पुढे केली. मर्लबाईंनी चष्मा लावला. सही ठसठशीत होती. खाली पत्ता त्यांच्याच अक्षरात होता: जेरोम अलेक्सी, कच्चा कैदी, बराक तीन, कोठडी चौदा.