आईनं सांगितलेला सामना

जागतिक हॉकी स्पर्धेचा अंतिम सामना होता आणि गोलात त्यांचा मुलगा उभा होता. बाबांची नजर गेलेली आणि समालोचन परक्या भाषेत, म्हणून आई टीव्हीकडे बघून त्यांना सामना सांगत होती.

"आला बघा त्यांचा गडी. मारला..."

चेंडू गोलाच्या आतल्या फळीवर धाडकन आदळला. आईनं एकदा बाबांकडे पाहिलं.

"अडवला हो. पायानं."

"शाब्बास," बाबा म्हणाले.

पुढेही फळी वाजत राहिली आणि मुलगा अडवत राहिला. कधी पायानं, कधी हातानं; एकदा तर तिनं त्याला हेल्मेटनंसुद्धा अडवायला लावलं. शेवटी "जिंकलो बरं का" म्हणत, डोळे पुसत ती चहा टाकायला आत गेली.

तेवढ्यात मुलाचा फोन आला. बाबांनी चाचपडत तो उचलला.

"बाबा, माझ्यामुळे..."

"अरे, मीही उभी हयात गोलातच काढली. फळीचा आवाज कळतो मला," बाबा हळूच म्हणाले. "पण हे आईला सांगू नकोस. तिच्या सामन्यात तू एकही गोल होऊ दिलेला नाहीस."