खिडकीतल्या बारा चांदण्या

"सुई पेनासारखी धरा, ड्रायव्हरकाका. तो गिअर नाही," लोकरवाल्या बाई म्हणाल्या, तशा टेबलाभोवतीच्या पाच बायका माना खाली घालून हसल्या.

काकांनी मुकाट्याने पकड बदलली. एकतीस वर्षं बस चालवलेला हात तो. क्रोशाची सुई त्यात दात कोरायच्या काडीएवढी दिसत होती.

लोकरीच्या दुकानाच्या वरच्या खोलीत आठवड्यातून दोनदा हा नवशिक्यांचा वर्ग भरायचा. सणाच्या सुट्टीआधी छोट्या शोभेच्या वस्तू शिकायच्या: घंटा, पान, चांदणी. काकांना घंटेशी आणि पानाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना चांदण्या हव्या होत्या. बारा.

का, ते त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं. बायको जाऊन आठ महिने झाले होते. तिचे कपडे एका संस्थेला देताना कपाटाच्या तळाशी असलेला पत्र्याचा डबाही त्यांनी न उघडताच पोत्यात घातला. दर सुट्टीत पुढच्या खिडकीत टांगायच्या तिच्या चांदण्या त्या डब्यात होत्या. लक्षात आल्यावर ते संस्थेत धावले, पण डबा केव्हाच कुठल्या कुठे गेला होता. आणि गेल्या आठवड्यात परगावी नोकरीला असलेल्या लेकीचा फोन आला. "मी येतेय, बाबा. आईच्या चांदण्या तेवढ्या लावून ठेवा."

काका "बरं" म्हणून बसले.

"फोटो आहे का एखादा?" बाईंनी विचारलं.

फोटो होता. खिडकीसमोर माय-लेकी उभ्या, मागे चांदण्या. बाईंनी चष्मा वर करून तो बराच वेळ पाहिला.

"जमेल," त्या म्हणाल्या. "मधे एक दोऱ्याचा फास, त्यात बारा खांब, म्हणजे उभे लांब टाके, मग पाच टोकं. शेवटचं टोक जरा तोकडं ठेवायचं."

"तोकडं का?"

"तशीच आहेत ही."

काकांनी फोटो डोळ्यांजवळ धरला. त्यांना काही तोकडं दिसेना. पण शिकवणाऱ्याची नजर वेगळी, असं म्हणून त्यांनी सुई उचलली.

पहिले चार दिवस साखळीतच गेले. टाका सैल पडला की साखळी गांडुळासारखी लोंबायची, घट्ट पडला की सुई आत शिरायची नाही. पाचव्या दिवशी फास जमला. सहाव्या दिवशी जी चांदणी झाली ती चिरडलेल्या कोळ्यासारखी होती. शेजारी बसलेल्या परिचारिकेने ती हातात घेऊन "छान आहे" म्हटलं, तेव्हा काकांनाच त्या बिचारीची दया आली.

ते उसवू लागले.

"बायको पण अशीच उसवायची," ते म्हणाले. "संध्याकाळी मी पेपर घेऊन बसलो की ही समोर सुई घेऊन. मनासारखं झालं नाही की सगळं उसवून पुन्हा पहिल्यापासून. काही विचारलं की म्हणायची, मधे बोलू नका, टाके मोजतेय."

"तुम्हाला नाही शिकवलं कधी?" परिचारिकेने विचारलं.

"मी म्हटलं होतं एकदा. म्हणाली, तुमच्या हाताला स्टिअरिंगच शोभतं."

सगळ्या हसल्या. बाई मात्र पाठमोऱ्या होऊन फळीवरचे गोळे नीट लावत राहिल्या.

त्या दिवशी काकांनी बायकोच्या टोपलीतला निळा गोळा आणला होता. बाईंनी तो बोटांनी दाबून पाहिला आणि बाजूला ठेवला. "हा विरलाय. वर्षानुवर्षं एकाच जागी उसवला की लोकर मरते. मी दुसरा देते, याच रंगाचा."

"फार काटकसरी होती," काका म्हणाले. "एक गोळा किती वर्षं पुरवला."

बाईंनी नवा गोळा त्यांच्या हातात ठेवला, आणि वर्ग सुटल्यावरही तासभर त्यांच्यासाठी थांबल्या. तेव्हापासून प्रत्येक वर्गानंतर थांबू लागल्या. काकांची चूक झाली की स्वतःच्या हातांनी दुरुस्त करायच्या नाहीत. "तुम्हीच करा," म्हणायच्या. "ही तुमच्याच हातची व्हायला हवी."

लेक यायच्या आदल्या दुपारी बारावी चांदणी पुरी झाली. काकांनी बाराही साबणाच्या पाण्यात धुतल्या, टाचण्यांनी ताणून वाळवल्या आणि खिडकीत टांगल्या. लांबून बऱ्या दिसत होत्या. जवळून त्यांना प्रत्येक चूक तोंडपाठ होती.

लेक आली. बॅग दारातच ठेवून खिडकीपाशी गेली. एक चांदणी तिने तळहातावर घेतली, उलटी केली, सुलटी केली. काका स्वयंपाकघराच्या दारात चहाचा कप घेऊन उभे होते.

"बाबा, ह्या त्या नाहीत."

काकांनी काही लपवलं नाही. पोतं, डबा, संस्था, वर्ग, सगळं सांगितलं. "तुझ्या आईची एकच गोष्ट राहिली होती, तीही मला सांभाळता आली नाही," ते म्हणाले. "तिच्यासारख्या नाही जमल्या. पण रोज बसलो."

लेकीने एकेक करून बाराही चांदण्यांना हात लावला.

"शिकवलं कुणी?"

"त्या लोकरवाल्या बाईंनी."

लेक मटकन खुर्चीत बसली. तिचे डोळे भरून आले होते आणि ओठ मात्र हसत होते. तिने बाबांना हात धरून शेजारी बसवलं.

"त्या काही बोलल्या नाहीत तुम्हाला?"

"कशाबद्दल?"

"आईला विणता येत नव्हतं, बाबा. पहिल्या चांदण्या तिने त्या बाईंकडून विकत आणल्या, आणि त्या तिनेच केल्यात असं समजून तुम्ही अख्ख्या डेपोला दाखवत फिरलात. मग तिला खरं सांगवेना. पुढची सगळी वर्षं ती तुमच्यासमोर नुसती सुई हलवत बसली."